अर्धा मिलिमीटर बर्फ आणि आपण

मित्रांनो, शीर्षक वाचून हसू नका. लिहिणारा सोलापूर जिल्ह्यातल्या दुधनीचा आणि विषय काय, तर उड्डाणाआधी विमानाच्या पंखावर साचणारा बर्फ! आमच्या गावात उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर असतो. बर्फ म्हटलं की आम्हाला आठवतो तो गोळेवाल्याचा, नाहीतर रसवंतीवरचा गोणपाटात गुंडाळलेला. गावाला रेल्वे स्टेशन आहे, तुरीचा मोठा बाजार आहे, एका वाक्यात मराठी आणि कन्नड दोन्ही बोलणारी माणसं आहेत. विमान मात्र आमच्यासाठी वर्षानुवर्षं आकाशातल्या पांढऱ्या रेघेपुरतंच होतं. २०२५ मध्ये सोलापूरहून गोव्याची आणि मग मुंबईची विमानसेवा सुरू झाली, तेव्हा कुठे 'विमानाने जाणं' हे वाक्य आमच्या तालुक्यात थट्टेशिवाय बोललं जाऊ लागलं.

मग हा विषय कशाला? दोन कारणं आहेत. पहिलं कारण सरळ आहे. आपल्या हॉस्टेलमधून दरवर्षी कोणी ना कोणी कॅनडा, अमेरिका, जर्मनीला एम.एस. करायला जातं. पहिल्याच हिवाळ्यात घरी फोन येतो, "आई, फ्लाईट दीड तास लेट झालं. विमान धूत बसलेत!" इकडे आई म्हणते, "आधीच धुऊन ठेवायला काय झालं होतं त्यांना?" हे 'धुणं' काय असतं आणि त्यासाठी दीड तास का द्यावा, हे इंजिनिअरिंगच्या पोराला तरी सांगता यायला हवं. दुसरं कारण लेखाच्या शेवटी येईल आणि माझ्या मते तेच जास्त महत्त्वाचं आहे.

आधी एक गैरसमज काढून टाकू. कोणालाही विचारा, पंखावर बर्फ साचला की विमान का पडतं? दहातले आठ जण म्हणतील, जड होतं म्हणून. चला, गणित करू. पंखाचं क्षेत्रफळ १०० चौरस मीटर धरा आणि त्यावर अर्धा मिलिमीटर जाडीचा थर. आकारमान ०.०५ घनमीटर. घट्ट बर्फ धरला तरी वजन भरतं साधारण ४६ किलो. म्हणजे आमच्या बाजार समितीतल्या तुरीच्या पन्नास किलोच्या एका कट्ट्याइतकंही नाही. पन्नास टनांच्या विमानाला एका कट्ट्याने काय फरक पडणार?

फरक पडतो तो आकाराने. पंखाच्या वरच्या बाजूवरून हवा चिकटून, सलग वाहते म्हणून लिफ्ट मिळते. तो पृष्ठभाग खरखरीत झाला की पृष्ठभागालगतच्या हवेच्या थरातली ऊर्जा कमी होते आणि हवा लवकर सुटते. फ्लुइड मेकॅनिक्समध्ये 'बाउंडरी लेयर सेपरेशन' ही जी आकृती आपण पाच मार्कांसाठी पाठ करतो ना, तीच ही. मध्यम किंवा जाड सँडपेपरइतका खरखरीत हिमाचा थर पंखाच्या पुढच्या कडेवर आणि वरच्या बाजूवर असेल, तर लिफ्ट ३० टक्क्यांपर्यंत कमी होऊ शकते आणि ड्रॅग ४० टक्क्यांपर्यंत वाढू शकतो. हा आकडा वैमानिकांच्या प्रशिक्षणात नेहमी दिला जातो. वर्कशॉपमध्ये जॉब घासायला वापरतो तो सँडपेपर डोळ्यांपुढे आणा. तेवढाच फरक.

यापेक्षा वाईट गोष्ट पुढे आहे. स्वच्छ पंख समजा एका ठरावीक कोनापर्यंत हवा धरून ठेवतो. त्या कोनाच्या थोडं अलीकडे वैमानिकाला धोक्याची सूचना मिळते, हातातला दांडा थरथरतो. ही सूचना स्वच्छ पंख गृहीत धरून बसवलेली असते. बर्फाळ पंख त्या कोनाच्या खूप आधीच दगा देतो. म्हणजे घंटा वाजण्याआधीच पेपर काढून घेतल्यासारखं! त्यात डाव्या पंखावर थर जास्त आणि उजव्यावर कमी असेल, तर विमान जमिनीवरून उचलल्या उचलल्या एका बाजूला कलंडतं. हे घडतं जमिनीपासून काही मीटरवर. तिथे सावरायला उंचीही नसते आणि वेळही नसतो. ज्या लहान जेट विमानांच्या पंखांना पुढच्या कडेला सरकणाऱ्या स्लॅट नसतात, त्यांना तर हा थर अजिबात सोसत नाही.

आता कोणी म्हणेल, ही सगळी शून्याखालची गोष्ट, आपल्याकडे लेह-श्रीनगर सोडलं तर संबंध काय? संबंध आहे, आणि तो पाहायला महाबळेश्वरला जा. डिसेंबर-जानेवारीत वेण्णा तलाव आणि लिंगमळ्याच्या बाजूला हिमकण पडल्याच्या बातम्या आपण पेपरात वाचतो. स्ट्रॉबेरीच्या पानांवर, गाड्यांच्या टपांवर, बोटींच्या जेट्टीवर पांढरी साय धरलेली असते. गंमत म्हणजे त्या दिवशी गावातला पारा चार-पाच अंश असतो, शून्य नव्हे. मग दव गोठलं कसं? निरभ्र रात्री पान किंवा पत्रा आपली उष्णता सरळ आकाशाकडे सोडत राहतो आणि आजूबाजूच्या हवेपेक्षा जास्त थंड होतो. आमच्या दुधनीत थंडीच्या दिवसांत पहाटे मोटारसायकलचं सीट ओलं मिळतं, त्यामागे हाच हिशोब असतो. फक्त आमच्याकडे दव पडून थांबतं, तिथे गोठतं. रात्रभर मैदानात उभ्या असलेल्या विमानाचा पंख म्हणजे असाच एक मोठा पत्रा. म्हणून हवेचं तापमान बघून 'बर्फ नसणार' असं म्हणता येत नाही. पंखाचं तापमान बघावं लागतं.

दुसरा प्रकार तर आणखी फसवा आहे. दहा-अकरा किलोमीटर उंचीवर बाहेर उणे पन्नासच्या आसपास तापमान असतं. तासन् तास तिथे उडताना पंखातलं इंधन थंडगार होतं. मग विमान दमट, पावसाळी विमानतळावर उतरतं. बाहेर हवा शून्याच्या चांगलीच वर असते, पण पंखाची कातडी आतल्या इंधनामुळे शून्याखाली. रसवंतीच्या टेबलावर थंड बाटली ठेवली की तिला घाम फुटतो, तसा पंखालाही फुटतो, आणि तो घाम तिथेच गोठतो. पावसाचं पाणी गोठलं तर काचेसारखा पारदर्शक थर तयार होतो. तो डोळ्यांना दिसत नाही, हात लावला तरच कळतो.

२७ डिसेंबर १९९१ रोजी स्टॉकहोमला नेमकं हेच झालं. स्कँडिनेव्हियन एअरलाइन्सचं एमडी-८१ विमान आदल्या रात्री झुरिकहून आलं होतं. सकाळी त्याच्यावर बर्फ काढायची फवारणीही झाली, पण पंखाच्या वरचा तो पारदर्शक थर राहूनच गेला. विमान उचललं, पंख किंचित वाकले, थर सुटला आणि मागच्या बाजूला असलेल्या दोन्ही इंजिनांत गेला. दोन्ही इंजिनं बंद पडली. वैमानिकांनी विमान गोत्रोरा गावाजवळच्या शेतात उतरवलं. विमानाचे तुकडे झाले, पण आतले सगळेच्या सगळे १२९ जण वाचले. इतकं नशीब दरवेळी साथ देत नाही.

उपाय काय? उपाय म्हणजेच ते 'धुणं'. ग्लायकॉल आणि पाण्याचं गरम मिश्रण जोरात मारून बर्फ काढतात. हे टाइप वन, रंगाने नारिंगी. बर्फ अजून पडतच असेल तर वरून टाइप फोर हे हिरवं, घट्ट द्रव मारतात. हे द्रव फार हुशार आहे. स्थिर असताना ते पंखाला धरून राहतं आणि पडणारा बर्फ स्वतःत विरघळवतं. विमान धावपट्टीवर वेग घेऊ लागलं की हवेच्या ताणाने पातळ होऊन वाहून जातं. मेसमधला टोमॅटो सॉस आठवा. बाटली उलटी धरली तर हलत नाही, हिसका दिला की बदकन पडतो. तीच जात.

पण या द्रवाला मुदत असते. बर्फ किती जोरात पडतोय आणि तापमान किती, त्यावर ती ठरते आणि तिचे तक्ते असतात. मुदत संपली की पुन्हा तपासणी, पुन्हा फवारणी. २२ मार्च १९९२ रोजी न्यूयॉर्कच्या लाग्वार्डिया विमानतळावर यूएसएअरच्या ४०५ क्रमांकाच्या फोकर विमानावर दोनदा फवारणी झाली होती. दुसऱ्या फवारणीनंतर सुमारे ३५ मिनिटं ते रांगेत होतं. उड्डाण केलं आणि कोसळलं. ५१ जणांपैकी २७ गेले. त्याच्या दहा वर्षं आधी, १३ जानेवारी १९८२ ला, वॉशिंग्टनमध्ये एअर फ्लोरिडाचं बोइंग ७३७ फवारणीनंतर जवळपास ४९ मिनिटांनी उडालं. इंजिनाची बर्फरोधक यंत्रणा बंद होती, गोठलेल्या नळीमुळे काटा खऱ्यापेक्षा जास्त ताकद दाखवत होता. सहवैमानिकाला ते खटकलं आणि धावपट्टीवर धावतानाच त्याने ते बोलून दाखवलं. विमान थांबलं नाही. ते पुलावर आदळून पोटोमॅक नदीत गेलं. विमानातले ७४ आणि पुलावरच्या गाड्यांमधले ४, असे ७८ जण मेले.

इथपर्यंत सगळं तंत्रज्ञान झालं. आता मला जे खरं म्हणायचं आहे त्याकडे येतो.

१० मार्च १९८९. कॅनडातलं ड्रायडन नावाचं छोटं गाव. एअर ऑंटारियोचं फोकर एफ-२८ विमान, आत ६५ प्रवासी आणि ४ कर्मचारी. इंजिन सुरू करून देणारं विमानातलं छोटं सहायक यंत्र आधीपासून बिघडलेलं होतं. ड्रायडनला बाहेरून इंजिन सुरू करून द्यायची सोय नव्हती. म्हणजे तिथे दोन्ही इंजिनं बंद केली असती, तर विमान तिथेच अडकलं असतं. म्हणून एक इंजिन चालूच ठेवलं. आणि इंजिन चालू असताना बर्फ काढायची फवारणी करायची नाही, असा नियम. आधीच उशीर झालेला, पुढच्या विमानांसाठी प्रवासी खोळंबलेले. इंधन भरता भरता बर्फ पडू लागला. त्यात एका छोट्या विमानाला उतरू देण्यासाठी आणखी थांबावं लागलं. फवारणी न होताच विमान उडालं आणि धावपट्टीपलीकडच्या झाडांत कोसळलं. २४ माणसं गेली.

आता हे नीट वाचा. पंखावरचा बर्फ खिडकीतून अनेकांना दिसत होता. प्रवाशांमध्ये दोन व्यावसायिक वैमानिक बसलेले होते, सुट्टीवरचे. त्यांनाही दिसत होता. हवाईसुंदरीलाही दिसत होता. कॉकपिटपर्यंत कोणीच गेलं नाही. प्रत्येकाला वाटलं, कॅप्टनला माहीत असणारच, आपण कोण सांगणारे?

कॅनडा सरकारने न्यायमूर्ती मोशान्स्की यांचा आयोग नेमला. सगळं खापर कॅप्टनच्या माथी मारून अहवाल दहा पानांत गुंडाळता आला असता. तो तर बचाव करायला जिवंतही नव्हता. पण आयोगाने प्रत्येक कडी तपासली. बिघडलेलं यंत्र घेऊन विमान का पाठवलं? सोय नसलेल्या गावात ते का थांबवलं? कंपनीच्या सूचना काय होत्या? सरकारी देखरेख कुठे होती? केबिनमधल्या कर्मचाऱ्यांना बोलायला कोणी शिकवलं होतं का? १९९२ मध्ये अंतिम अहवाल आला, १९१ शिफारशींचा. बर्फ हे निमित्त होतं, रोग व्यवस्थेत होता, हे त्यातून जगाला कळलं.

उलट उदाहरणही आहे. ६ फेब्रुवारी १९५८ रोजी म्युनिकला मँचेस्टर युनायटेडच्या फुटबॉल संघाचं विमान कोसळलं आणि २३ जण गेले. जर्मन चौकशीने ठरवलं, पंखावर बर्फ होता आणि कॅप्टन जेम्स थेन यांनी तो काढला नाही. खरं कारण होतं धावपट्टीवरचा बर्फाचा चिखल, ज्याने विमानाला वेगच घेऊ दिला नाही. ब्रिटिश चौकशीने थेन यांना निर्दोष ठरवलं ते १९६९ मध्ये! अकरा वर्षं एक माणूस दुसऱ्याच बर्फाची शिक्षा भोगत होता. 'कोणाची चूक' या प्रश्नाची घाई झाली की 'काय घडलं' हा प्रश्न मागे पडतो, तो असा.

आता आपल्याकडे बघू. आपल्या बोलण्यात दोन वाक्यं फार आहेत. एक, "चालतंय की." दुसरं, "आपल्याला काय करायचंय?" मी सोलापूरकडचा, त्यामुळे पहिल्या वाक्यावर माझं प्रेम आहे. दुष्काळी भागात 'चालतंय की' म्हटल्याशिवाय माणूस जगणार नाही. पण हे वाक्य घरात, गप्पांत, जेवणात ठीक. लेथच्या बाजूला, ट्रान्सफॉर्मरच्या खोलीत, हॉस्टेलच्या वायरिंगजवळ ते नको. मी एका कारखान्यात इंडस्ट्रियल व्हिजिटला गेलो होतो. नाव सांगत नाही. तिथे एका मशीनचा गार्ड काढून कोपऱ्यात ठेवला होता. आम्ही पंचवीस-तीस मुलं होतो, सगळ्यांनी पाहिलं. रोजच्या तपासणीचा तक्ता मात्र मशीनवरच लटकत होता आणि 'गार्ड बसवला आहे' या रकान्यात महिनाभराच्या टिका एकाच पेनाने, एकाच दमात मारलेल्या दिसत होत्या. तिथल्या ऑपरेटरला विचारलं तर तो म्हणाला, "गार्ड लावला की काम हळू होतं, साहेब." त्याच्या दृष्टीने तो खरंच बोलत होता. त्याला दिवसाचे नग मोजून द्यायचे होते, बोटं मोजून नव्हे.

माझा मुद्दा हा आहे. बर्फाचा थर जसा अर्धा मिलिमीटर असतो, तशा आपल्याकडच्या धोक्याच्या गोष्टीही पातळ असतात. हॉस्टेलच्या खोलीत एकाच प्लगवर कॉइल, इस्त्री आणि चार्जर. मुदत संपलेला अग्निशामक. मेसच्या गॅसची जुनाट नळी. प्रत्येकाचं 'वजन' काहीच नाही, म्हणून कोणाला खटकत नाही. पण या गोष्टी व्यवस्थेचा आकार बदलतात, आणि घंटा वाजायच्या आधीच दगा देतात.

यावर एक आक्षेप हमखास येईल, आणि तो चुकीचा नाही. आमच्या ओळखीचे एक सर म्हणतात, "प्रत्येक जण 'थांबा थांबा' करायला लागला तर प्रॅक्टिकल व्हायचं कधी आणि सबमिशन व्हायचं कधी?" बरोबर आहे. पण विमानवाल्यांनी हाच प्रश्न कसा सोडवला ते बघा. त्यांनी 'ज्याला भीती वाटेल त्याने थांबवावं' असा मोघम नियम केला नाही. त्यांनी आधीच, थंड डोक्याने, लिहून ठेवलं: पंखाची वरची बाजू स्वच्छ पाहिजे. खालच्या बाजूला इंधनटाकीच्या भागात निर्मात्याने दिलेल्या मर्यादेपर्यंत हिमकण चालतील, वर नाही. फवारणीची मुदत तक्त्यात आहे, संपली की पुन्हा तपासा. म्हणजे ऐनवेळी घाईत असलेल्या माणसाला हुज्जत घालायला जागाच ठेवली नाही. थांबायचं की नाही हे धावपट्टीवर ठरवायचं नसतं, ते आदल्या वर्षी ऑफिसात बसून ठरवायचं असतं.

म्हणून मला आपल्या कॉलेजकडून फार मोठं काही नको. तीनच गोष्टी सुचवतो. एक, प्रत्येक लॅब आणि वर्कशॉपमध्ये दारावर मोठ्या अक्षरांत, मराठीत, पाच ओळींची पाटी असावी: या पाच गोष्टींपैकी एक जरी नसेल तर मशीन सुरू होणार नाही. पाचच, पन्नास नाहीत. पन्नास असल्या की आपण एकाच दमात टिका मारतो. दोन, ती पाटी दाखवून मशीन थांबवायचा हक्क सगळ्यांना असावा. पहिल्या वर्षाच्या मुलीला आणि लॅबमधल्या मामांनाही. त्यांच्या हाताखालून आमच्यासारख्या कित्येक बॅचेस गेल्यात. मशीनचा आवाज बदलला तर आधी त्यांना कळतो, आणि विचारत मात्र त्यांना कोणी नाही. तीन, थांबवणारा चुकीचा निघाला तरी त्याची टिंगल नको, व्हायवात सूड नको. दहा वेळा उगाच थांबलो तर दहा वेळा पाच-पाच मिनिटं गेली. अकराव्या वेळेला ते वसूल होतात.

आणि विद्यार्थी मित्रांनो, हे फक्त सर-मॅडमवर ढकलू नका. ड्रायडनच्या विमानात बोलायला परवानगी कोणी नाकारली नव्हती. लोक आपणहून गप्प बसले. आपल्याला लहानपणापासून मोठ्यांपुढे बोलायचं नाही हे शिकवलं जातं आणि त्यात चांगलंही पुष्कळ आहे. पण "सर, एकदा बघता का, मला हे बरोबर वाटत नाही" या वाक्यात उद्धटपणा कुठे आहे? मान ठेवूनही बोलता येतं. उद्या तुमच्यापैकी कोणी कारखान्यात शिफ्ट इंजिनिअर होईल, कोणी महावितरणमध्ये जाईल, कोणी विमानाच्या देखभालीत. तेव्हा खिडकीतून पंख दिसणारे तुम्ही असाल किंवा कॉकपिटमध्ये बसलेले तुम्ही असाल. दोन्हीकडे काम एकच: दिसलं तर सांगायचं, सांगितलं तर ऐकायचं.

तेव्हा परदेशात कधी विमान नारिंगी-हिरव्या पाण्याने धुताना दिसलं आणि शेजारचा प्रवासी घड्याळाकडे बघून चडफडू लागला, तर त्याला तुरीच्या कट्ट्याचं गणित समजावून सांगा. वेळ कसा जाईल कळणारही नाही. आणि तोवर, आज रात्री झोपण्याआधी, आपल्या खोलीतल्या त्या एका प्लगवर किती वायरी लावल्यात, तेवढं मोजून घ्या.

— एक दुधनीकर,
तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी